ओळीतलं सातवं घर

१

लोटूबाबांची सकाळ कित्येक वर्षं एकाच चालीनं चालत आली होती. उठायचं, मोरीवर तोंड धुवायचं आणि दाराजवळच्या खाटेवर बसून समोरच्या भिंतीकडे बघत चहा प्यायचा. भिंतीकडे बघायची त्यांची जुनी खोड. बुऱ्हाणपुरातल्या भिंतींना चुना मारण्यात पन्नास वर्षं गेली, त्यामुळे भिंत दिसली की डोळा आपोआप तिच्यावरून फिरायचा. ओल कुठे धरली, पोपडा कुठे सुटला, मागचा हात कुणी घाईनं मारला, हे त्यांना बघताक्षणी कळायचं. शाळा दोन वर्षांचीच झाली होती. अक्षराला अक्षर जोडत वाचायचे. पण कुठल्या घराला कुठल्या दिवाळीला कोणता रंग होता ते विचारा. थांबत थांबत सांगतील, पण चुकायचे नाहीत.

शिकारपुऱ्यातल्या त्या दोन खोल्यांत ते आणि त्यांची लेक उषा, एवढीच माणसं. उषाचा नवरा वारल्यापासून ती बापाजवळच राहत होती. दाराशी शिलाई मशीन टाकून ब्लाउज शिवायची. गल्लीभर पॉवरलूमची खटखट. ती इतकी अंगवळणी पडलेली, की लाइट जाऊन लूम थांबले म्हणजेच कानाला काहीतरी ऐकू आल्यासारखं व्हायचं.

थंडीच्या एका सकाळी निरंजन सर आले. सर म्हणजे चित्रकलेचे रिटायर झालेले मास्तर, जुन्या शहराचं वेड असलेला माणूस. चादरीत गुंडाळून त्यांनी जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक भलामोठा फोटो आणला होता. तो त्यांनी खाटेसमोर स्टुलावर, भिंतीला टेकवून उभा केला.

फोटो रंगीत होता. पाटबंधाऱ्यातले कुणी साहेब फार वर्षांपूर्वी इथे बदलीवर होते, त्यांना कॅमेऱ्याचा शौक. तापीपलीकडून, झैनाबादच्या काठावरून त्यांनी शहर टिपलेलं. साहेब गेले. पत्र्याच्या डब्यातल्या फिल्मा त्यांच्या पुतण्यानं सरांकडे पाठवल्या आणि सरांनी त्यातली ही एक मोठी करून घेतली. वाचनालयाच्या हॉलमध्ये लावायची होती. प्रत्येक इमारतीवर नंबर, खाली नाव, कुणी बांधली, कोण राहायचं.

"किल्ला, मशिदीचे मिनार, नदीतला दगडी हत्ती, हे तर कोणीबी सांगेल," सर म्हणाले. "पण किल्ल्याच्या अलीकडची ही घरांची ओळ आता राहिलीच नाही न, बाबा. तिथं राहिलेलं माणूस मला तुमच्याशिवाय दुसरं माहीत नाही."

चहाची बशी लोटूबाबांच्या हातात तशीच राहिली. ओळ कधीच गेली होती. एका पुरात दोन घरं बसली, उरलेली मग एकेक करून उतरवली. आता तिथे मोकळा कट्टा होता आणि संध्याकाळी पोरं तिथे मोबाइल घेऊन बसायची. आणि इथे ती ओळ भर उन्हात उभी होती. पांढरी, पिवळी, गुलाबी, निळी. कालच हात मारल्यासारखी.

"जुने रंगीत फोटो लाल पडतात," सर म्हणाले. "हा कसा टिकला देवालाच माहीत."

लोटूबाबांनी धर्मशाळेपासून बोट सरकवायला सुरुवात केली. ओळ धर्मशाळेपासून लागायची आणि निंबाच्या झाडाशी संपायची. सहा घरं. सहावं, झाडाला लागून, त्यांचं स्वतःचं. बोट निंबाशी पोचलं तेव्हा त्यांनी सात घरं मोजली होती.

त्यांनी पुन्हा मोजलं. पुन्हा सातच. एका डोळ्याचं ऑपरेशन होऊन चारच महिने झाले होते. दोन डोळ्यांना दोन तऱ्हेचं दिसायचं. डोळ्याचाच घोटाळा असेल, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

आणखी एक गोष्ट त्यांना दिसली होती, पण तीही ते बोलले नाहीत. घरांच्या गच्च्यांवर माणसं होती. प्रत्येक गच्चीवर एखाद-दुसरं. समोर एवढी नदी असताना सगळी माणसं नदीकडे पाठ करून उभी होती.

२

घाई करायची नाही, असं ठरलं. घर आठवायचं म्हणजे आधी त्याचा रंग हाताशी यावा लागतो, आणि रंग आपल्या वेळेनं येतो. सर फोटो तिथेच ठेवून गेले. दुपारी चारच्या सुमाराला वही घेऊन येत जाईन म्हणाले.

पहिल्या दिवशी लोटूबाबांनी धर्मशाळा सांगितली. चुन्यात पिवळी माती, वरून सरस, म्हणजे हाताला रंग लागत नाही. यात्रेकरू भिंतीला टेकून बसायचे, त्यांच्या पाठी पिवळ्या व्हायला नकोत. राखणदार झिपरू नावाचा, एका पायानं अधू. तोच तिथे गच्चीवर होता. पाठमोरा असला तरी उभं राहण्याच्या ढबीवरून कळत होतं. सरांनी खुशीनं सगळं लिहून घेतलं आणि धर्मशाळेवर एक आकड्याची चिठ्ठी चिकटवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना लोटूबाबांची नजर फोटोवर गेली. झिपरू त्यांच्याकडे बघत होता.

मुगाच्या दाण्याएवढा चेहरा. पण चेहराच. दाढीचे खुंट, डोक्याला पंचा. लोटूबाबांनी आधी एक डोळा मिटला, मग दुसरा. दोन्ही डोळ्यांना झिपरू समोरूनच दिसला.

त्यांनी उषाला हाक मारून विचारलं, हा माणूस काल कसा उभा होता? उषाच्या दातात दोरा होता. तिनं वाकून पाहिलं आणि म्हणाली, असाच असेल, बाबा, फोटोतला माणूस कुठं हलून राहिला? तिचंही खरंच होतं. रात्री झोप नीट झाली नव्हती. आपणच काल नीट बघितलं नसेल, असं त्यांनी ठरवलं आणि चहा संपवला. पण स्टुलाच्या अगदी समोर बसायचं सोडून ते खाटेच्या दुसऱ्या टोकाला सरकले.

३

दुसऱ्या दिवशी तंबाखूवाल्यांचं घर. चमचाभर गेरू टाकून गुलाबी केलेलं. तिसऱ्या दिवशी वैद्यांचं, नीळ दिलेलं. सांगून झालं की दुसऱ्या सकाळी त्या घराची माणसं वळलेली असायची. तंबाखूवाल्यांची म्हातारी, कडेवर नातू. वैद्यबुवा, हातात खलबत्ता.

भीती वाटायला हवी होती. थोडी वाटलीही. पण खरं सांगायचं तर लोटूबाबांना भीतीपेक्षा जास्त बरं वाटत होतं. ही माणसं त्यांच्याकडे ज्या नजरेनं बघत होती ती त्यांच्या चांगली ओळखीची होती. गच्चीवरून शिडीवरच्या माणसाकडे बघतात तशी. अरे, तो कोपरा राहिला बघ. अरे, उतर आता, भाकर खाऊन घे. तंबाखूवाल्यांची म्हातारी दर दिवाळीला काम संपलं की त्यांच्या हातांना तेल लावायला द्यायची, चुन्यानं चिरलेले असायचे म्हणून. पन्नास वर्षांत त्यांना तिची आठवण आली नव्हती. आता तेलाचा वाससुद्धा आला.

उषा मशीनवर असली की ते हळू आवाजात फोटोशी बोलायचे. बरं आहे ना, आजी. पाय कसा आहे रे, झिपरू. एकदा उषानं मशीन थांबवून विचारलं, कोणाशी बोलून राहिले? ते म्हणाले, भिंतीशी. ती हसली.

चौथ्या दिवशी मुनीमजींची हवेली आली. ओळीतली सगळ्यात उंच, सागवानी सज्जा असलेली. तिच्या रंगावरून लोटूबाबांनी साल सांगितलं. मुनीमजींच्या घरी लग्न होतं म्हणून त्यांनी पिस्त्यासारखा रंग मागितला होता. निळीत पिवळी माती किती पडली म्हणजे पिस्ता होतो, ते जमवायला तीन दिवस गेले. तो रंग लोटूबाबांनी जन्मात एकदाच केला. फोटोत हवेलीचं डावं अंग पिस्ता झालेलं होतं, उजव्या अंगाला मागल्या सालचा मळका पांढरा, आणि मधे शिडी लागलेली. शिडीला बादली टांगलेली. माणूस नव्हता.

"ही शिडी माझीच," ते म्हणाले. "खालून तिसरी पायरी मी दोरीनं बांधलेली. दिसते का बघा."

सरांनी भिंग लावून पाहिलं. दोरी दिसत होती. सर काही वेळ भिंग खाली घेईचनात.

"मग ही बहात्तरची दिवाळी," लोटूबाबा म्हणाले. मग त्यांनी मशीनकडे पाहिलं आणि आवाज आणखी हळू केला. "उषाच्या आईला तेव्हा चौथा महिना होता."

मशीन थांबली.

४

मथुरेचा, उषाच्या आईचा, फोटो नव्हता. एकही नाही. लग्नात फोटो काढायची त्या घरांत रीत नव्हती. पुढे चौकात स्टुडिओ निघाला तेव्हा तिनं दोनदा म्हटलं होतं, जाऊ या का. लोटूबाबांनीच पुढे ढकललं. त्यांचे हात चुन्यानं पांढरे फटफटीत, भेगाळलेले. फोटोत हात दिसतील, पावसाळ्यात काम नसतं तेव्हा हात बरे होतात, मग काढू, असं ते म्हणाले. त्या पावसाळ्यात तिला कावीळ झाली. उषा तेव्हा सव्वा वर्षाची.

उषा बोलायला लागल्यापासून एकच विचारायची, आई कशी दिसायची? ते सांगायचे. गोरी नाही, काळी नाही. हसताना पदर तोंडाला लावायची. डाव्या बाजूचा एक दात थोडा पुढे. इतक्या वेळा सांगितलं की सांगता सांगता ते शब्दच उरले. तरी पहाटे कधी कधी, अर्धवट जाग असताना, शब्दांच्या मागून चेहरा यायचा. यायचा आणि जायचा. त्यावर त्यांची पन्नास वर्षं निघाली होती. उषाला मात्र तो दाखवता यायचा नाही.

आता उषा फोटोपुढे जमिनीवर बसली होती. पाचवं घर कलाबत्तूवाल्यांचं, जरीची तार ओढणाऱ्यांचं, ते तर वरच्या झरोक्यांवरून कुणालाही ओळखू आलं असतं. उरली दोन. सहावं घर लहान, पिस्ता रंगाचं. सातवं तेवढंच लहान, साधं पांढरं, निंबाला चिकटून. दोन्ही गच्च्यांवर एकेक बाई. दोघी पाठमोऱ्या. दोघींचे केस मोकळे, पाठीवर पसरलेले, वाळवायला उन्हात आल्यासारखे.

"यातलं आपलं कोणतं?" उषानं विचारलं. बावन्न वर्षांची बाई, पण आवाज लहान पोरीचा.

"बघू," ते म्हणाले. "विचार करून सांगतो."

"मीपण आहे न, बाबा, या फोटोत? आईच्या पोटात."

ते हो म्हणाले.

त्याच वेळी लाइट गेली. गल्लीतले लूम एकामागून एक थांबले. सगळं शांत झालं आणि त्या शांततेत लोटूबाबांना फट फट असा आवाज ऐकू आला. ओले केस पुढे घेऊन पंच्यानं झटकतात तसा. शेजारच्या गच्चीवर कुणी असेल. पण शेजारची बाई सकाळीच माहेरी, दापोऱ्याला गेली होती. त्यांनी तिच्या दाराला कुलूप बघितलं होतं. उषा मान वाकवून फोटो बघत राहिली. तिला काही ऐकू आल्याचं दिसलं नाही.

५

दोन दिवस त्यांनी काहीच सांगितलं नाही. सर चारला यायचे, चहा घ्यायचे, आणि दोन कोऱ्या ओळींची वही घेऊन परत जायचे. त्यांची अडचण झाली होती. नावांची पाटी छापायला द्यायची होती. जुना नकाशा त्यांनी काढून पाहिला होता, त्यात धर्मशाळेपासून निंबापर्यंत सहाच जागा होत्या. लोटूबाबांनी त्यांना सातांचं सांगितलं तेव्हा सर नकाशालाच नावं ठेवायला लागले.

"नकाशा काढणारा चुकेल, बाबा. कॅमेरा कशाला चुकेल? जे समोर होतं ते आलं."

लोटूबाबांनी आपल्या परीनं विचार केला. धर्मशाळेकडून मोजलं तर सहावं घर आपलं. निंबाकडून मोजलं तर सातवं आपलं. मधे एक घर जास्तीचं आहे, आणि ते या दोघांपैकी एक आहे. दारं तशीच, उंची तशीच. बायांच्या पाठी तशाच. आपल्या बायकोची पाठ ओळखू येऊ नये, याची त्यांना मनातून लाज वाटली.

मग त्यांनी ज्याच्यावर जन्मभर भरवसा ठेवला त्याच्यावरच ठेवला. रंगावर. चुन्याची पुताई करणाऱ्याच्या घराला वेगळा रंग कधी कालवत नाहीत. मोठ्या घरचं काम झालं की बादलीच्या तळाला उरतं ते घरी यायचं आणि आपल्या भिंतीला लागायचं. सगळेच तसं करायचे, आणि घरमालकालाही त्याचं काही वाटायचं नाही. त्या साली हवेलीला पिस्ता, म्हणजे आपल्या घरालाही पिस्ता. दुसऱ्या कुणाकडे तो रंग असणारच नाही. आपण तो एकदाच केला.

तिसऱ्या दिवशी चार वाजता त्यांनी सहाव्या घरावर बोट ठेवलं.

"हे माझं. ही मथुरा."

सरांनी लिहिलं. नाव मोठ्यानं वाचून दाखवलं. मथुराबाई लोटू रंगारी. उषानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"आणि सातवं?" सरांनी विचारलं.

"ते मला माहीत नाही," लोटूबाबा म्हणाले.

६

सकाळी उषाच आधी उठली होती. तिच्या रडण्यानं त्यांना जाग आली. ती फोटोपुढे बसली होती, आणि सहाव्या घरावरची बाई वळलेली होती.

आपल्याला कधीच कसं दिसलं नाही, असं उषा पुन्हा पुन्हा म्हणत होती. आई तर सरळ आपल्याकडेच बघून राहिली. पाठमोरी कोण म्हणालं होतं? तुम्हीच म्हणाले, बाबा, म्हणून मलाही तसंच वाटत राहिलं. डोळ्यांचा काय भरवसा.

तिनं मोबाइलवर तेवढाच भाग मोठा केला आणि बापाच्या हातात दिला. लोटूबाबांनी तो दूर धरून, जवळ धरून पाहिला. उभट चेहरा. सरळ, धारदार नाक. तोंड मिटलेलं. तोंडाला पदर नाही. चेहरा चांगला होता. त्यात वाईट काही नव्हतं. ओळखीचंही काही नव्हतं.

पन्नास वर्षं झाली, त्यांनी स्वतःला सांगितलं. माणूस विसरतो. फोटोत चेहरा वेगळा येतो, स्वतःचा आधार कार्डावरचा तरी कुठे ओळखू येतो.

"आईच न?" उषानं विचारलं.

तिच्या तोंडाकडे बघून त्यांना दुसरं काही बोलवलं नाही. "हो," ते म्हणाले.

त्याच दिवशी तिनं सरांना सांगून तो चेहरा मोठा करून घेतला, चौकट केली आणि देवाच्या कोनाड्याशेजारी लावली. गल्लीतल्या बाया बघून गेल्या. बाबा, तुमची उषा आईवर नाही गेली हं, पूर्ण तुमच्यावर गेली, असं एकजण हसत म्हणाली. खरंच होतं ते. उषाचं नाक बापासारखं बसकं, कपाळ रुंद. सगळं आयुष्य लोक तेच म्हणत आले होते.

दोन दिवसांनी दुपारी, घरात कुणी नसताना लोटूबाबा पुन्हा फोटोपुढे बसले. काहीतरी राहून गेलं आहे असं त्यांना सारखं वाटत होतं, भिंतीचा एखादा कोपरा राहावा तसं. नजर धर्मशाळेवरून निघाली, गुलाबी, निळी, आणि हवेलीवर येऊन थांबली. अर्धी पिस्ता, अर्धी मळकी पांढरी. शिडी लागलेली. बादली टांगलेली.

हवेलीचं काम अजून चालू होतं.

काम चालू असताना रंग उरत नाही. तो शेवटी उरतो. या दिवशी, या उन्हात, लोटूच्या घरी पिस्त्याचा एक थेंबही गेलेला नव्हता. त्या दिवशी त्याचं घर मागल्या दिवाळीच्या रंगात असणार. मागल्या दिवाळीला त्यानं काही कालवलं नव्हतं. साधा पांढरा चुना मारला होता.

मग त्यांना दिसलं की फोटोतली बाकीची माणसं आता त्यांच्याकडे बघत नव्हती. झिपरू, म्हातारी, वैद्यबुवा, हवेलीच्या दोघी सुना, कलाबत्तूवाला. सगळ्यांच्या माना एकाच बाजूला झाल्या होत्या. सगळे सहाव्या घराकडे बघत होते. शेजारच्या गच्चीवर कुणी परकं माणूस चढून आलेलं दिसावं, तसे. म्हातारीनं नातवाचं तोंड आपल्या खांद्यात दडवलं होतं.

ती एकटीच सरळ समोर बघत होती.

७

चारला सर आले तेव्हा लोटूबाबांनी त्यांना दारातच गाठलं आणि हळूच सांगितलं, सहावं नाही, सातवं आमचं. सर गोंधळले. पाटी छापून आली होती, पण त्याचं काही नाही, वरून चिठ्ठी लावता येईल म्हणाले.

"पण पक्कं न, बाबा? मग ही सहाव्यातली बाई कोण?"

लोटूबाबांनी आत पाहिलं. उषा चौकटीपुढे उभी राहून पदरानं काच पुसत होती. काच स्वच्छच होती. ती पुसता पुसता काहीतरी बोलत होती. शेजारणीचं, ब्लाउजांचं, रोजचंच. आईला सांगावं तसं. जन्मात पहिल्यांदा.

"राहू द्या," लोटूबाबा म्हणाले. "माझीच चूक होते आता. वय झालं. सहावंच आमचं."

सर मोठा फोटो घेऊन निघायच्या आधी लोटूबाबांनी तो थोडा वेळ मागून घेतला. उषा भाजीला गेली होती. सातव्या घराच्या पांढऱ्या भिंतीवर बोट ठेवून ते म्हणाले, हे माझं घर. मथुरे, हे माझं. मी चुकलो. मोठ्यानं म्हणाले, दोनदा. मग त्यांनी सरांना विनंती करून फोटो आणखी एक रात्र ठेवून घेतला.

सकाळ झाली. सातव्या घरावरची बाई वळली नाही. ती होती तशीच उभी होती, केस मोकळे, तोंड शहराकडे. फक्त एक हात तिनं मागे, निंबाच्या फांदीवर टेकला होता. दिवस गेले की बायका आधार घेतात तसा. पण तिचं पोट भरलेलं असावं असं मागून तरी वाटत नव्हतं. अंगानं ती अगदीच हलकी दिसत होती, पोटातलं कुणी नेल्यासारखी.

फोटो गेला. तो हॉलमध्ये लागला, लोक बघायला येतात म्हणे. लोटूबाबा गेले नाहीत.

पहाटेची ती अर्धी जाग अजूनही येते. पण आता डोळ्यांपुढे येतो तो चौकटीतला चेहरा. उभट, सरळ नाकाचा, तोंड मिटलेला. त्याच्यामागे दुसरा एक असायचा, हे त्यांना माहीत आहे. एक दात पुढे होता, हेही शब्दांनी माहीत आहे. दिसत काही नाही.

संक्रांतीनंतरच्या एका दुपारी लाइट गेली, लूम थांबले आणि वरून फट फट आवाज आला. लोटूबाबांचे गुडघे जिना चढण्यासारखे राहिलेले नाहीत. तरी ते भिंतीला धरून, एकेका पायरीवर थांबत गच्चीवर गेले. उषा न्हाऊन उन्हात केस झटकत होती. पाठमोरी. तिचे केस एवढे लांब कधी झाले, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

चार-पाच दिवसांपासून ते तिच्याकडे नीट बघत नव्हते. समोर जेवायला बसली की ताटाकडे बघायचे. आधी त्यांना वाटलं, उतारवयात चेहरा ओढला जातो, नाक वर येतं. मग त्यांनी वाटून घेणंच सोडलं. काल शिवायला आलेली बाई दारातूनच म्हणाली होती, अगं बाई, उषाताई, हुबेहूब आईसारखी दिसून राहिली तू. उषाला केवढा आनंद झाला होता.

ते शेवटच्या पायरीवर टेकले. पाऊल वाजलं असावं. तिचा हात थांबला.

"बाबा? कशाला चढले तुम्ही? थांबा, मी आले."

आवाज उषाचाच होता. सव्वा वर्षाची असल्यापासून कानात असलेला. त्यात काही फरक नव्हता.

"नको," लोटूबाबा म्हणाले. ऊन छान होतं. खालून गल्लीतून कुठूनतरी ओल्या चुन्याचा वास येत होता. त्यांनी पाठ भिंतीला टेकवली. "घाई नाही, बाई. इकडे बघू नको. तू आपली तशीच उभी राहा थोडा वेळ, आणि बोल माझ्याशी."